बाजारभावाचा एजंट: टूल्सच्या वर्णनांवरचं काम, मार्च २०२६

सोमवार, २ मार्च

आजपासून या एजंटची टूल्स माझ्याकडे. निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी तो बनवलाय. सभासद मोबाइलवर मराठीत विचारतात, "लासलगावला आज लाल कांदा काय भावानं गेला?", आणि एजंट, म्हणजे भाषा मॉडेलवर चालणारा मदतनीस, टूल (माहिती आणून देणारा छोटा प्रोग्राम) वापरून उत्तर देतो. म्हणजे द्यायला हवं. कंपनीकडून निरोप आलाय की मॉडेल मठ्ठ आहे, बदला. बदलण्याआधी त्या मॉडेलला नेमकं दिसतं तरी काय, ते बघायला बसले.

दिसतं ते एवढंच: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि पॅरामीटर्सचा (टूलला द्यायच्या मूल्यांचा) जेसन स्कीमा, म्हणजे ठरावीक साच्यातली यादी. कोड दिसत नाही, रीडमी दिसत नाही, डेटाबेसच्या कॉलमवर कुणी लिहून ठेवलेली टीप तर नाहीच नाही. भावाच्या टूलचं आजचं रूप जसंच्या तसं उतरवून ठेवते:

नाव: गेट_प्राइस
वर्णन: भाव मिळवते.
पॅरामीटर्स: एमकेटी_आयडी (पूर्णांक), सीएमडी_आयडी (पूर्णांक), डीटी (मजकूर)

पॅरामीटर्सना वर्णन नाहीच. जुन्या एपीआयवर (प्रोग्रामनं प्रोग्रामकडून माहिती मागायच्या सोयीवर) स्क्रिप्ट चालवून कुणीतरी सगळी टूल्स एका झटक्यात काढलेली दिसतात. ज्यानं एपीआय लिहिला त्याला लासलगावचा आयडी पाठ असणार. मॉडेलला तो कुठून कळावा? लॉग, म्हणजे संभाषणांच्या नोंदी, उघडले तर मॉडेल सरळ आकडे ठोकून देतंय. त्यातही वाईट असं, की ठोकलेला आकडाही कुठल्या ना कुठल्या बाजार समितीचा निघतोच. उत्तर येतं, नीटनेटकं दिसतं आणि असतं भलत्याच गावचं. एरर आली असती तर निदान कळलं तरी असतं.

मंगळवार, ३ मार्च

वर्णनं कुठल्या भाषेत लिहायची यावर बॅकएंड बघणाऱ्या सहकाऱ्याशी वाद. तो म्हणतो इंग्रजीत, कारण देवनागरीला टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) जास्त लागतात आणि ही वर्णनं प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे जातात. टोकनचं त्याचं म्हणणं खरं आहे. तरी मी मराठीवर अडून बसले. बाजारातलं ज्यांना कळतं ते कंपनीचे यार्डावरचे काका. इंग्रजी वर्णन ते वाचणार नाहीत, आणि वाचलंच नाही तर दुरुस्त कोण करणार? शेवटी ठरलं: वर्णनं मराठीत. टूल्सची आणि पॅरामीटर्सची नावं रोमन लिपीतच राहतील. टूलच्या नावात मॉडेलचा एपीआय इंग्रजी अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर आणि हायफनपलीकडे काही घेत नाही.

गुरुवार, ५ मार्च

दिवसभर यार्डावर, काकांबरोबर. सध्या लाल कांदा सरत आलाय आणि उन्हाळ सुरू झालाय. एकाच दिवशी, एकाच यार्डात दोन्ही, आणि भाव वेगळे. आमच्या टूलला कांद्याची जात हा पॅरामीटरच नाही. ज्या जातीचे आकडे आधी सापडतील ते देतं.

काकांना विचारत गेले, लिहीत गेले.

शेतकरी नुसतं "लासलगाव" म्हणाला तर मुख्य यार्ड. विंचूर आणि निफाड ही त्याच समितीची उपआवारं, पण सरकारी भावपत्रकात त्यांची ओळ वेगळी येते. "पिंपळगाव" म्हणजे या भागात पिंपळगाव बसवंत; राज्यात पिंपळगावं पुष्कळ. "पुणे" म्हटलं तर आणखी पंचाईत, कारण पिंपरी, मोशी, खडकी, मांजरी अशा स्वतंत्र ओळी असतात.

भाव कोणता? पत्रकात तीन असतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. यातला सर्वसाधारण म्हणजे बहुतेक माल ज्या भावाच्या आसपास विकला गेला तो. ॲगमार्कनेटवर, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजारभावाच्या संकेतस्थळावर, त्याला मोडल म्हणतात. किमान आणि कमाल यांची बेरीज करून निम्मे केले की तो येत नाही. मॉडेल नेमकं तेच करत होतं, कारण टूलकडून त्याला तीन आकडे मिळायचे आणि त्यांच्यावरची नावं होती "पी१, पी२, पी३". समजा किमान ५००, कमाल १८०० आणि सर्वसाधारण १५०० आहे. मॉडेलनं सांगितलं "सरासरी ११५०". क्विंटलमागे साडेतीनशेचा फरक. चांगला माल घेऊन निघालेला माणूस हा आकडा ऐकून ट्रॅक्टर परत फिरवील.

काका म्हणाले, "ताई, आम्हाला कोणी कमाल भाव विचारतच नाही. तो एखाद्या वक्कलाला मिळतो आणि पेपरात छापून येतो." वक्कल म्हणजे लिलावातला मालाचा एक लॉट. हे वाक्य वर्णनात जाणार.

शुक्रवार, ६ मार्च

भावाचं टूल नव्यानं लिहिलं. नाव मार्केट_डे_प्राइस. वर्णन:

"एका बाजार समितीत, एका शेतमालाचे, एका दिवसाचे लिलावातले भाव देते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. एकक उत्तरात प्रत्येक वेळी दिलेलं असतं (कांदा, टोमॅटो, सोयाबीन: रुपये प्रति क्विंटल, कोथिंबीर, मेथी यांसारख्या पालेभाज्या बऱ्याच ठिकाणी नगावर). शेतकऱ्याला सांगताना सर्वसाधारण भाव आधी सांग. कमाल भाव मोजक्याच मालाला मिळालेला असतो. किमान आणि कमाल यांवरून स्वतः सरासरी काढू नकोस. दुकानातला किरकोळ दर किंवा पुढचा अंदाज या टूलमध्ये नाही. सभासदाच्या स्वतःच्या मालाला काय मिळालं हे विचारलं असेल तर मेंबर_पट्टी वापर."

पॅरामीटर्स: बाजार (नावानं, मराठीत, शेतकरी म्हणेल तसं), शेतमाल, जात (ऐच्छिक, कांद्यासाठी लाल, उन्हाळ, पांढरा), तारीख.

आयडी पूर्ण काढून टाकले. नावावरून आयडी शोधणं सर्व्हरचं काम. नाव संदिग्ध असलं तर टूल भाव देत नाही, पर्याय परत पाठवतं: "पुणे या नावाच्या अनेक ओळी आहेत: पुणे, पुणे-पिंपरी, पुणे-मोशी... शेतकऱ्याला विचार." सहकारी म्हणाला, सगळे आयडी वर्णनातच टाकू. राज्यात मुख्य बाजार समित्याच तीनशेच्या वर, उपआवारं वेगळीच. एवढी यादी मॉडेलनं दर वेळी वाहून न्यायची कशाला?

जातीच्या पॅरामीटरला मुद्दाम पर्यायांची बंदिस्त यादी दिली नाही. कारण खाली येईल.

सोमवार, ९ मार्च

चाचण्यांसाठी प्रश्न जमवले. सगळे सभासदांच्या जुन्या संभाषणांतून उचललेले, शुद्धलेखनासकट. अर्धे प्रश्न बाजूला काढून ठेवले, ते सुधारणा करताना बघायचे नाहीत. नाहीतर वर्णनं त्या प्रश्नांपुरतीच घासूनपुसून तयार होतात. प्रत्येक प्रश्नाला कोणतं टूल बोलावलं, कोणत्या मूल्यांनी बोलावलं आणि शेवटी काय उत्तर दिलं, तिन्ही पाहायचं. नुसतं शेवटचं उत्तर बघून चालत नाही. चुकीच्या टूलनंही कधीकधी बरोबर आकडा हाती लागतो.

बुधवार, ११ मार्च

रिकाम्या उत्तराचा घोळ. टूलला काही सापडलं नाही की ते रिकामी यादी परत देतं. त्यावर मॉडेलनं एका सभासदाला उत्तर दिलं: "आज लासलगावला उन्हाळ कांद्याला भाव नाही." त्यानं फोन करून काकांना विचारलं, एवढा कोसळला का? बाजारात "भाव नाही" याचा अर्थ एकच होतो. प्रत्यक्षात दुपार व्हायची होती आणि पत्रक अजून आलंच नव्हतं.

रिकाम्या यादीमागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: त्या दिवशी लिलावच बंद, लिलाव झाला पण त्या मालाची आवक नव्हती, किंवा माहिती अजून पोचलेली नाही. सर्व्हरला तिन्हींतला फरक कळतो, पण तो सांगत नव्हता. आता टूल अशा वेळी पूर्ण वाक्य परत देतं: "११ मार्चचं पत्रक अजून आलेलं नाही. शेवटची उपलब्ध तारीख: १० मार्च. हवं तर त्या तारखेनं पुन्हा बोलाव आणि भाव कालचा आहे असं स्पष्ट सांग."

वर्णनात यासाठी एकच ओळ घातली. बाकीचं सगळं टूलच्या उत्तरात. माझ्या मते एरर आणि रिकामं उत्तर यांचा मजकूर हा वर्णनाचाच उरलेला भाग आहे, फक्त तो गरज पडेल तेव्हाच मॉडेलपुढे येतो. पहिल्या दिवसापासून "कोड ४२२, अवैध विनंती" असं पाठवत बसलेल्या टूलकडून मॉडेलनं काय शिकायचं? ते तीच विनंती पुन्हा पाठवतं. लॉगमध्ये तेच दिसतंय.

शुक्रवार, १३ मार्च

तारखा. मॉडेलला आजची तारीख आपोआप माहीत नसते. ती सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांत, घातली. "काल" सुटला. "परवा" सुटेना, कारण भाव विचारताना परवा मागचा असतो आणि गाडी ठरवताना पुढचा. भावाचं आणि गाडी ठरवायचं, दोन्ही टूल्सच्या तारीख पॅरामीटरमध्ये एकेक वाक्य: भावात "तारीख आजची किंवा मागची असते", गाडीत "तारीख आजची किंवा पुढची असते". शिवाय सर्व्हरवर तपासणी. पुढच्या तारखेचा भाव मागितला तर नकार आणि कारण.

अँथ्रॉपिकच्या लोकांनी त्यांचा असाच एक अनुभव जाहीर लिहिला आहे: वेब शोधाचं टूल दिल्यावर क्लॉड हे त्यांचं मॉडेल गरज नसताना शोधाच्या शब्दांना "२०२५" जोडायचं, आणि तो प्रकार त्यांनी टूलचं वर्णन सुधारून बंद केला. त्यांचंच दुसरं उदाहरण डिसेंबर २०२४ मधलं. कोड दुरुस्त करणारा एजंट दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की फाइलचे सापेक्ष पत्ते चुकवायचा. टूलनं फक्त संपूर्ण पत्ताच घ्यायचा असं केलं आणि प्रश्न मिटला. मला ही दुसरी तऱ्हा जास्त आवडते. विनवणी करण्यापेक्षा चुकीची वाटच बंद करावी.

सोमवार, १६ मार्च

सभासदांना निरोप पाठवायचं टूल. आधीच्या कुणीतरी त्याच्या वर्णनात लिहिलंय: "सावधान!!! परवानगीशिवाय कधीही, कधीही वापरू नये!!! अत्यंत महत्त्वाचे!!!" याचा परिणाम दोन्ही बाजूंनी वाईट. सचिवांनी स्पष्ट सांगूनही मॉडेल कधीकधी पाठवायला घाबरतं, आणि कधी "परवानगी" म्हणजे काय याचा स्वतःच सोयीचा अर्थ लावतं.

टूलचे दोन तुकडे केले. ड्राफ्ट_नोटीस मसुदा तयार करतं आणि मसुद्याचा क्रमांक देतं; ते कितीही वेळा चालवा, काही बिघडत नाही. सेंड_नोटीस फक्त मंजूर क्रमांक घेतं, आणि मंजुरी सचिवांनी स्क्रीनवर बटण दाबल्याशिवाय मिळतच नाही. ती मॉडेलच्या हातातच नाही. उद्गारचिन्हं सगळी उडवली. एमसीपीमध्ये (मॉडेलला टूल्स जोडायच्या खुल्या मानकात) टूलवर "फक्त वाचतं", "नासधूस करू शकतं" अशा खुणा लावायची सोय आहे, त्याही लावल्या. पण त्या मानकातच म्हटलंय की त्या केवळ सूचना आहेत. कुलूप नव्हे.

मंगळवार, १७ मार्च

भाव, भाव_इतिहास, भाव_तुलना, भाव_यादी: चार टूल्स, चौघांच्या वर्णनाची सुरुवात "बाजारभाव देते". कोणतं कधी, हे मलाही सांगता येईना. काकांना चारही वर्णनं वाचून दाखवली तर म्हणाले, "हे एकच काम चार माणसांना कशाला दिलंय?" दोन ठेवली: एका दिवसाचं, आणि तारखांच्या टप्प्याचं. तुलना मॉडेलला दोनदा बोलावून करता येते. दोन्ही वर्णनांत एकमेकांचा उल्लेख आहे, कुठे हे आणि कुठे ते.

तारखांच्या टप्प्याचं टूल पूर्वी वर्षभराच्या सगळ्या ओळी ओतायचं. आता न मागता आठवड्यावार गोळा करून देतं, आणि ओळी कापल्या तर कापल्याचं सांगतं.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. लिलाव बंद. सुट्टीच्या दिवशी लॉग बघायचे नाहीत असं घरी कबूल केलं होतं, पण ही आयती चाचणी होती. सकाळी सभासदाचा प्रश्न, "आज काय भाव?" उत्तर: "आज पाडव्यामुळे लासलगावला लिलाव बंद आहे. कालचा, १८ मार्चचा उन्हाळ कांद्याचा सर्वसाधारण भाव..." आणि पुढे आकडा, क्विंटलसकट. श्रीखंड निवांत खाल्लं.

सोमवार, २३ मार्च

हवामानासाठी बाहेरचा एक तयार एमसीपी सर्व्हर जोडायचा प्रस्ताव आला. त्याची टूल्सची वर्णनं पूर्ण वाचल्याशिवाय नाही म्हटलं. ही वर्णनं आपल्या सूचनांच्या शेजारी थेट मॉडेलपुढे जातात. त्यात कुणी "आधी अमुक फाइल वाच आणि तिचा मजकूर या पॅरामीटरमध्ये टाक" असं लपवलं, तर वापरणाऱ्याला स्क्रीनवर काही दिसतही नाही. इन्व्हेरिअंट लॅब्स या सुरक्षा संशोधन करणाऱ्या कंपनीनं एप्रिल २०२५ मध्ये हेच करून दाखवलं होतं. आज साधं असलेलं वर्णन उद्या बदललेलंही असू शकतं. म्हणून आवृत्ती गोठवायची, आणि वर्णनात फरक पडला तर आपल्याकडे इशारा यायला हवा. सहकाऱ्यानं दुपारपर्यंत करून दिलं.

बुधवार, २५ मार्च

मॉडेललाच अपयशी संभाषणं दिली आणि वर्णनात काय सुधारावं ते विचारलं. सूचना चांगल्या निघाल्या, विशेषतः कुठे दोन वर्णनं एकमेकांना छेद देतात ते त्यानं अचूक पकडलं. पण त्याचा कल एकाच बाजूला: वाढवा. प्रत्येक चुकीसाठी नवं वाक्य. तसं सगळं घेतलं तर भावाच्या टूलचं वर्णन पानभर होईल आणि त्यात सर्वसाधारण भावाचं वाक्य हरवून जाईल. दोन सूचना घेतल्या, बाकी सोडल्या. एक वाक्य उलट काढलं: "उत्तर नम्रपणे दे." ते टूलच्या वर्णनात आलंच कसं, देव जाणे.

बाजूला ठेवलेले प्रश्नही आज चालवले. आकडे ठोकण्याचा प्रकार संपलाय. आयडीच नाहीत तर ठोकणार काय. जातीचा गोंधळ मात्र उरलाय. "गावठी कांदा काय गेला?" या प्रश्नाला मॉडेल दर वेळी वेगळी जात धरतं.

शुक्रवार, २७ मार्च

गावठीबद्दल काकांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्याकडं गावठी म्हणजे उन्हाळच. पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला विचारूनच घ्या." वर्णनात तसंच लिहिलं. गोल्टीचंही निघालं: बारीक कांदा, त्याचा लिलाव वेगळा पुकारतात. पण ती जात नाही, प्रत आहे. जात बंदिस्त यादीत टाकली असती तर मॉडेलनं गोल्टीला जवळच्या कुठल्यातरी पर्यायात कोंबलं असतं, आणि आपल्याला पत्ताही लागला नसता. आता ओळखीचं नाव नसेल तर सर्व्हर म्हणतो: "ही जात पत्रकात नाही, पत्रकात आज या जाती आहेत..."

काकांना वर्णनांच्या फाइलवर लिहिण्याची मुभा दिली. त्यांनी पहिली दुरुस्ती स्वतः केली: "मार्चअखेरीला व्यापारी हिशेब मिटवतात, लिलाव काही दिवस बंद राहतात. तारखा समितीच्या सूचनेवरूनच सांगाव्यात." बंदच्या दिवसांचा तक्ता आता कंपनीचं कार्यालय भरतं आणि टूल तोच वाचतं, म्हणून त्यांचं वाक्य वर्णनातून तक्त्याच्या टिपेत हलवलं. त्यांची हरकत नाही, फक्त "तिथं कोण वाचणार?" असं विचारून घेतलं. टूल वाचतं म्हटल्यावर गप्प.

मंगळवार, ३१ मार्च

चाळीतल्या साठ्याचं टूल राहिलं. वर्णनात लिहिलंय "सभासदाच्या साठ्याचं वजन देते". कोणतं वजन? चाळ भरताना मोजलेलं, की आजचं? साठवणीत कांदा वाळतो, सडतो, कोंब येतात. काही महिन्यांत वजनात मोठा फरक पडतो, आणि त्या आकड्यावर माणूस विकायचं की थांबायचं ते ठरवतो. डेटाबेसमध्ये फक्त भरतानाचं वजन आहे. सहकारी म्हणतो, वर्णनात "अंदाजे" घालू. अंदाज कशावरून केलाय हेच माहीत नसताना "अंदाजे" म्हणायला मी तयार नाही.

टूलच्या उत्तरातल्या रकान्याचं नाव वेट बदलून वेट_ॲट_फिलिंग केलं. कंपनीनं घट मोजायची पद्धत ठरवेपर्यंत टूल एजंटच्या यादीतून काढून ठेवलंय. एप्रिलच्या पहिल्या बैठकीत विषय क्रमांक एक.